समुद्रकांठीं हवा खाणें

'हवा खावयास जातों' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत फार दिवसांपासून रूढ आहे. बोलणाऱ्यास त्यांत कांहीं विशेष वाटत नाहीं. परंतु थोडा विचार केल्यास त्यांतील मौज ध्यानांत येते. अन्न खावयाचें तर तें विकत घ्यावें लागतें, शिजवावें लागतें, आणि ज्याच्या घरीं तें नसेल त्यास उपाशी निजावें लागतें. हवा मात्र सर्वांस फुकट मिळते, व तिच्या पंगतींत पंक्तिभेद नसतो. या शब्दप्रयोगाचा पुरा अर्थ ज्यास पाहावयाचा असेल त्यानें सूर्यास्ताच्या सुमारास मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर जावें. तेथील रुंद पदपथावर रोज संध्याकाळीं शेंकडों माणसें कोणत्याही कामाशिवाय सावकाश चालत असतात. त्या चालण्याविषयीं, व विशेषतः आपल्या शाळेंतील मुलामुलींस तें चालणें कां मिळालें पाहिजे याविषयीं, चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या पाहण्यांत असें येतें कीं हल्लींच्या पालकांस 'फिरणें' हा शब्द ऐकतांच मूल वाया जात असल्याची शंका येते. शाळा सुटली कीं शिकवणीचा वर्ग, तो सुटला कीं दुसरा वर्ग, आणि मधें जीं दहापंधरा मिनिटें उरतात तीं मोबाईलच्या पडद्यास अर्पण! वैद्याच्या सांगण्यावरून जी वडीलधारी माणसें चालावयास जातात तींही मनगटावरील घड्याळांत पावलें मोजीत चालतात, व ठरलेला आंकडा पुरा होतांच घरीं परततात. व्यायाम उत्तमच आहे. त्याविरुद्ध आमची कांहीं तक्रार नाहीं. परंतु व्यायामाकरितां चालणें निराळें व सहज फेरी मारणें निराळें. पहिल्यांत मनुष्याचें लक्ष स्वतःच्या शरीराकडे असतें. दुसऱ्यांत तो स्वतःस घटकाभर विसरून भोंवतालच्या जगाकडे पाहतो. पहिल्याची गणती करतां येते, म्हणून त्यास मान मिळतो. दुसऱ्याची करतां येत नाहीं, म्हणून त्यास रिकामटेकडेपणा असें नांव मिळतें. हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

मरीन ड्राइव्हचें सरकारी नांव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग असें आहे. नरिमन पॉइंटपासून निघून गिरगांव चौपाटीवरून मलबार हिलच्या पायथ्याकडे वळणारा हा मार्ग सुमारें साडेतीन किलोमीटर लांबीचा असून त्याचा आकार ताणलेल्या धनुष्यासारखा आहे. एका बाजूस इमारती, मध्यें वाहनांचा रस्ता, त्यापुढें पदपथ, पदपथाच्या कडेस बसण्याजोगा बुटका व रुंद कठडा, आणि पलीकडे समुद्र, अशी त्याची रचना आहे. अंधार पडल्यावर मलबार हिलवरून पाहिलें असतां या वळणावरील दिव्यांची ओळ कंठांतील हारासारखी दिसते. म्हणूनच इंग्रजींत त्यास राणीच्या हाराची उपमा मिळाली.

पुष्कळांचा समज असा आहे कीं ही जागा निसर्गानेंच आपणांस तयार दिली. तसें नाहीं. जेथें आज आपण चालतों तेथें पूर्वीं समुद्र होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, हिंदी कापसाचे भाव भडकले, व मुंबईंत पैशाचा पूर आला. त्या भरांत 'बॅक बे' नांवाचा हाच उपसागर बुजवून जमीन करण्याकरितां एक कंपनी निघाली. तिचे भाग मिळविण्यासाठीं लोकांची झुंबड उडाली. आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तो फुगा फुटून कित्येक घरांची धूळधाण झाली. पुढें १९१५ ते १९२० या काळांत चौपाटीकडील भाग 'केनेडी सी फेस' या नांवानें बांधला गेला. त्याच सुमारास गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत सरकारनें मोठी योजना हातीं घेतली. समुद्रांत भिंत घालावयाची, व तळाचा गाळ उपसून तो भिंतीच्या आंत भरावयाचा, असा बेत होता. परंतु गाळाचा अंदाज चुकला, भराव भिंतींतून वाहून जाऊं लागला, खर्च वाढत गेला, व योजिलेल्या आठ भागांपैकीं चारच त्या वेळीं पुरे झाले. या कारभारांतील गैरप्रकार वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनीं चव्हाट्यावर आणले. त्याबद्दल एका अधिकाऱ्यानें त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली, व तींतून ते निर्दोष सुटले. त्याच नरिमनांचें नांव आज या मार्गाच्या दक्षिण टोंकास आहे.

या इतिहासाचें मर्म आम्हांस असें दिसतें. जमीन विकून होणाऱ्या नफ्याचीं स्वप्नें दोनदां बुडालीं. परंतु समुद्र अडविण्याकरितां जो बांध घालावा लागला, व त्याच्या कडेस जी पायवाट राहिली, तिचाच आज साऱ्या शहरास लळा आहे. भराव घातलेल्या जमिनीवर १९३० व १९४० च्या दशकांत आर्ट डेको पद्धतीच्या गोलाकार सज्जांच्या इमारती उभ्या राहिल्या, व २०१८ सालीं युनेस्कोनें मुंबईंतील या इमारतींच्या समूहास जागतिक वारशांत स्थान दिलें. ही गोष्ट अभिमानाची खरी. पण त्या इमारतींत राहण्याचें भाग्य थोड्यांचें आहे. पदपथ मात्र सर्वांचा आहे. तो जनतेच्या पैशानें झाला, व त्याकरितां झालेल्या उधळपट्टीचा भारही जनतेनेंच सोसला. म्हणून तेथें चालणारा मनुष्य कोणाच्या मेहेरबानीनें चालत नाहीं. तो स्वतःच्या मालकीच्या जागेंत चालत असतो. 'तूं येथें कशास आलास?' असें विचारण्याचा तेथें कोणासही अधिकार नाहीं. ज्या शहरांत पाऊल ठेवावयास जागा नाहीं व घटकाभर बसावयाचें तर कांहीं विकत घ्यावें लागतें, त्या शहरांत हा हक्क लहानसहान नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या पुस्तकांत खारे वारे व मतलई वारे यांचा पाठ आहे. दिवसा जमीन पाण्यापेक्षां लौकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते, व तिची जागा घेण्यास समुद्रावरून गार हवा येते. रात्रीं जमीन लौकर निवते व वाऱ्याची दिशा उलटते. फळ्यावर दहा वेळां शिकवूनही ज्यास हें उमगत नाहीं, त्यास चर्चगेट स्टेशनांतून बाहेर काढून समुद्रासमोर उभें करावें. कपाळावरचा घाम वाळूं लागला म्हणजे पाठ त्यास आपोआप कळतो. सूर्याचेंही तसेंच. डिसेंबरांत या मार्गाच्या मध्यभागीं उभें राहिल्यास सूर्य उघड्या समुद्रांत बुडतांना दिसतो. मे महिन्यांत तोच उजवीकडे सरकून मलबार हिलच्या आड जातो. उत्तरायण म्हणजे काय हें ज्यानें असें डोळ्यांनीं पाहिलें तो परीक्षेंत तें चुकणार नाहीं. भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें जाते, हेंही चार दिवस लागोपाठ कठड्याशीं उभें राहिल्यास घड्याळ व समुद्र मिळून सांगतात.

कठड्याखालीं जे चार पायांचे सिमेंटचे अवजड ठोकळे पडलेले दिसतात त्यांस टेट्रापॉड म्हणतात. ही युक्ति १९५० सालीं फ्रान्समध्यें निघाली. सरळ भिंतीवर लाट सर्व जोरानिशीं आदळते. या ठोकळ्यांचे पाय एकमेकांत अडकून मधें ज्या पोकळ्या राहतात त्यांत शिरून तीच लाट ठिकठिकाणीं फुटते व निर्बळ होते. हिंवाळ्यांत थंड देशांतून आलेले कुरव पक्षी याच कठड्यासमोर घिरट्या घालतात. त्यांस शेव व गांठी फेंकण्याची चाल पडली आहे, ती मात्र चांगली नव्हे. तळलेलें व खारट अन्न त्यांचें नव्हे, आणि दया करावयाची तर ती समजून करावी. हें सर्व मोटारींतून जाणाऱ्यास दिसत नाहीं, धांवणाऱ्यास अर्धवट दिसतें, व सावकाश चालणाऱ्यास पुरें दिसतें.

आतां माणसांकडे वळूं. या फेरींतील खरा लाभ आमच्या मतें माणसांचा आहे. कचेरी सुटलेला कारकून बूट हातांत घेऊन कठड्यावर बसलेला असतो. वृद्ध जोडपें एकमेकांच्या आधारानें चालत असतें. परगांवाहून आलेलें कुटुंब समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढीत असतें. सायकलवर चहाची किटली बांधलेला मुलगा गिऱ्हाइकाच्या शोधांत असतो. चौपाटीकडे भेळेचा व भाजलेल्या कणसांचा वास येऊं लागतो. कठड्यावर बसलेलीं बहुतेक माणसें समुद्राकडे तोंड करून बसतात, म्हणून मागून चालणाऱ्यास त्यांच्या केवळ पाठी दिसतात. आणि पाठीवरून कोणाचा पगार कळत नाहीं, कीं धर्म कळत नाहीं. रस्त्याच्या पलीकडील महागड्या सदनिकेंतून जो सूर्यास्त दिसतो तोच चाळींत राहणाऱ्यास येथून दिसतो. उलट चाळवाला समुद्रास चार पावलें अधिक जवळ असतो.

याच मार्गावर हिंदु, पारशी, इस्लाम व कॅथलिक असे निरनिराळे जिमखाने आहेत. एके काळीं मुंबईंत क्रिकेटचे सामनेही धर्मवार संघांत होत असत. १९४६ सालानंतर ते झाले नाहींत, हें योग्यच झालें. जिमखाने आपापल्या परीनें खेळाची सेवा करीत आले आहेत, त्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु रस्त्याच्या एका बाजूस प्रत्येकाचें वेगळें फाटक, आणि दुसऱ्या बाजूस साऱ्यांचा मिळून एक पदपथ, हा देखावा विचार करण्याजोगा आहे. पदपथावर कोणी बंधुभावावर व्याख्यान देत नाहीं. तेथें समोरून येणाऱ्या लेंकुरवाळीस वाट द्यावी लागते, म्हाताऱ्याच्या मागें आपली गति आंवरावी लागते, दुसऱ्याच्या बोलण्यांत आपला कर्कश आवाज घालूं नये हें कळावें लागतें. ज्यांच्याशीं आपली ओळख नाहीं, व कदाचित् पुढेंही होणार नाहीं, त्यांच्यासह सुखानें वावरण्याची ही संवय वर्गांत लागणें कठीण. कारण वर्गांत सर्वच ओळखीचे असतात.

येथें आम्हांस मुलींविषयीं स्पष्ट बोलणें भाग आहे. मुलगा 'जरा फिरून येतों' असें म्हणाला तर घरचीं माणसें 'लौकर ये' एवढेंच म्हणतात. मुलगी तसें म्हणाली तर 'कशाला?' असा प्रश्न येतो. तिला बाहेर जावयाचें तर हातांत पिशवी, दप्तर किंवा दळणाचा डबा पाहिजे. कारणाशिवाय चालणारा मुलगा हौशी ठरतो, आणि कारणाशिवाय चालणारी मुलगी संशयास पात्र ठरते. मुंबईंतील स्त्रियांच्या अशा निष्कारण फिरण्याच्या हक्कावर शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनीं 'व्हाय लॉयटर?' हा इंग्रजी ग्रंथ लिहून २०११ सालीं प्रसिद्ध केला. पालकांची काळजी आम्ही खोटी म्हणत नाहीं. आम्हीही मुलींस शिकवितों व त्यांची जबाबदारी जाणतों. परंतु ज्या पदपथावर स्त्रिया, मुली व आज्या पुष्कळ असतात तेथें एकट्या स्त्रीस भय कमी वाटतें, हा सर्वांचाच अनुभव आहे. आपली मुलगी घरीं ठेवून आपण तिला क्षणभर सुरक्षित करतों खरें. पण त्याबरोबर दुसऱ्याच्या मुलीची सोबत कमी करतों, व ती जागा हळूहळू पुरुषांच्या स्वाधीन करतों. प्रथम आईनें किंवा मावशीनें बरोबर जावें, पुढें मैत्रिणींच्या घोळक्यास जाऊं द्यावें, परतण्याची वेळ ठरवून द्यावी, परंतु 'कशाला?' हा प्रश्न मात्र मुलास व मुलीस सारखाच विचारावा, किंवा कोणासच विचारूं नये.

यावर कोणी म्हणेल, तेथें गर्दी फार असते. आमच्या मतें गर्दी व वर्दळ यांत भेद आहे. ४ जुलै २०२४ रोजीं क्रिकेटच्या विश्वचषकाचा विजयोत्सव पाहण्याकरितां याच मार्गावर प्रचंड जनसमुदाय लोटला होता. चेंगराचेंगरींत कांहीं जणांस दुखापती झाल्या. ती गर्दी होय: सर्वांची नजर एकाच ठिकाणीं, आणि शेजाऱ्याचा अडथळा प्रत्येकास नकोसा. नित्याच्या संध्याकाळीं असते ती वर्दळ: प्रत्येकाची नजर निराळी, गति निराळी, आणि शेजाऱ्यामुळेंच जागेस शोभा. गर्दींत मुलांस नेऊं नये; वर्दळींत अवश्य न्यावें.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो खरा आहे, व त्यावर उपाय आज्ञापालनाचाच आहे. पावसाळ्यांत साडेचार मीटरहून मोठी भरती असेल त्या दिवशीं कठड्यापासून दूर राहावें, आणि टेट्रापॉडांवर तर कोणत्याही ऋतूंत उतरूं नये. ते शेवाळानें निसरडे असतात, व त्यांच्या फटींत पडलेल्यास बाहेर काढणें फार कठीण असतें. छायाचित्राकरितां तेथें उतरणें याला आम्ही धैर्य म्हणत नाहीं.

तिसरा आक्षेप अंतराचा. विरार, कल्याण किंवा पनवेल येथील कुटुंबास दर आठवड्यास चर्चगेट गांठणें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु आमचा आग्रह एकाच मार्गापुरता नाहीं. वांद्र्याचें बँडस्टँड आहे, वरळीचा सी फेस आहे, आणि समुद्र नसेल तेथें ठाण्याची तलावपाळीही आहे. जेथें पाणी आहे, वाट आहे, बसावयास जागा आहे, व येणाऱ्यास कारण विचारलें जात नाहीं, तेथें आमचें काम झालें.

या जागा आपोआप टिकत नाहींत. २०२४ सालीं मरीन ड्राइव्ह व वरळी यांमधील सागरी किनारा मार्ग खुला होऊं लागला. मलबार हिलच्या पोटांतील बोगद्यांतून आतां मोटारी कांहीं मिनिटांत पार होतात. वेळ वांचतो, ही सोय लहान नाहीं. त्याच मार्गाच्या कडेस २०२५ च्या ऑगस्टांत पायीं फिरणाऱ्यांकरितां नवा विहारपथही खुला झाला, याचा आम्हांस अधिक आनंद वाटतो. कारण रस्त्याची मागणी करणारे पुष्कळ व वजनदार असतात. पायवाटेची मागणी करणारा बहुधा तींवरून मुकाट्यानें चालत असतो. तो बोलला तर काय होतें याचेंही उदाहरण आहे. २०१५ सालीं मरीन ड्राइव्हवरील पिवळ्या दिव्यांच्या जागीं पांढरे दिवे बसविण्यांत आले, तेव्हां हाराचें तेज गेलें अशी ओरड झाली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोंचलें, आणि पुढें सोनेरी झांक असलेले दिवे परत आले. दिव्याच्या रंगाकरितां एवढा खटाटोप कशास, असें कोणी म्हणेल. आम्ही म्हणतों, ज्यास आपलें घर आपलें वाटतें तोच तेथील दिव्याविषयीं बोलतो.

म्हणून शेवटीं दोन मागणीं मागतों. पालकांकडे आमची विनंति अशी कीं, आठवड्यांतील एक संध्याकाळ मुलांस द्यावी. त्या वेळीं अभ्यासाची चौकशी करूं नये, पावलें मोजूं नयेत, व मोबाईल खिशांत ठेवावा. मुलें कांहीं वेळ कंटाळतील, कंटाळूं द्यावें. मग तीं आपणहून विचारूं लागतील, आणि तीं जें विचारतील त्यांतील अर्ध्याचें उत्तर आपणांस ठाऊक नसेल, हाही एक लाभच होय. मुलांस आमचें सांगणें असें कीं, भेळेचा कागद व शेंगांचीं टरफलें समुद्रास देऊं नका. चौघे मिळून हातांत हात घालून साऱ्या वाटेची अडवणूक करूं नका. कठड्यावर बसलेल्याकडे टक लावून पाहूं नका. आणि आपल्या बहिणीस बरोबर न्या. ती जागा तुमच्या पूर्वीच्या पिढ्यांनीं पैसे मोजून समुद्रापासून मिळविली आहे. तुमच्यामागून येणाऱ्यांसही तेथें कांहीं कारण नसतां सावकाश चालतां यावें, एवढें तुम्हीं पाहावें.